थांबामावशी आणि पालथी वाटी

अख्ख्या उज्जैनमध्ये माझं तोंड बंद करू शकलेली व्यक्ती एकच होऊन गेली: माधवनगरातल्या आमच्या शेजारीण, थांबामावशी. सिंहस्थातल्या साधूंना बारा-बारा वर्षं जे मौन साधत नाही, ते या बाईंनी मला एका तांब्याभर पाण्यात शिकवलं.

गरज माझ्या चिमीची होती. अडीच वर्षांची झाली तरी पोर एक शब्द बोलेना. बायको देवापुढे बसून डोळे पुसायची. आणि मी, कचेरीतला साधा कारकून पण जिभेनं फौजदार, पोरीच्या वाटचंही बोलून टाकायचो. तिनं माठाकडे नुसतं पाहिलं की मी सुरू, "पाणी हवंय? गार हवंय? शिप्रेचं की विहिरीचं?"

मावशींचा खेळ अगदी साधा. बत्तासा दाखवायचा, त्यावर वाटी पालथी घालायची, "कुठे गेला?" विचारायचं आणि हात मांडीवर ठेवून मुलाकडे हसत पाहत राहायचं. एवढंच. "मुलाला शब्द सापडायला वेळ लागतो," त्या म्हणत, "आपल्याला कुठली गाडी पकडायचीय?" गल्लीतली निम्मी पोरं त्या वाटीपाशीच बोलती झाली.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुठे गेला?"

"वाटीखाली!" मी ओरडलो. दुसऱ्यांदाही मीच.

"थांबा ना भाऊ! बत्तासा तुम्हाला खायचाय का? तिला मौका तर द्या!" मावशींनी तांब्या पुढे केला. "घोट भरा. गिळायचा नाही."

आठ दिवस मी गाल फुगवून बसलो. इतक्या वेळात तर अख्खी संस्थानं विलीन झाली होती. नवव्या दिवशी मावशींनी विचारलं, आणि त्या थांबल्या. चिमीनं वाटीकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, वाटीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दे."

मी आनंदानं आरोळी ठोकली. तोंडातलं सगळं पाणी मावशींच्या लुगड्यावर!

"भाऊ," पदर पिळत त्या म्हणाल्या, "आधी तिला बत्तासा द्या. भाषण बाद में."

पुढे आमचं मध्य भारत राज्य मध्य प्रदेशात विरघळलं आणि माझी बदली भोपाळला झाली. उज्जैनच्या देवास गेट बसस्टँडवर मावशी पोचवायला आल्या. आता चिमीचं तोंड माझ्यासारखंच चाले. "मावशी, तू पण चल. तुला खिडकीत बसवते." मावशींनी तिचं सगळं ऐकून घेतलं, गालावरून हात फिरवला. बस सुटली.

देवास मागे पडलं तेव्हा चिमीनं विचारलं, "बाबा, मावशी परत कधी भेटणार?" आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

उभ्या जन्मात लाखभर थापा मारल्या असतील मी. त्या वेळी मात्र सोबतच्या तांब्यातला घोट भरला, आणि गिळला नाही.