दादाचा शेवटचा सेव्ह

वहिनीचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत गिरणीसमोर दळणासाठी उभी होते. "अगं, मंदार गेला," एवढंच म्हणाली. मी तिच्यावरच खेकसले, "गेला म्हणजे? साध्या तपासणीला गेलेला ना तो?" पाच दिवसांपूर्वी ठाण्याच्या हॉस्पिटलला निघताना दादा मला फोनवर म्हणालेला, "रविवारी येतो, मटण कर." माझा सख्खा भाऊ, एकोणपन्नास वर्षांचा, आणि असा... महिना झाला, मला रडण्यापेक्षा रागच जास्त येतोय. आपण परत येणार नाही हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, एवढं एकच मला कळायला हवं होतं.

आम्ही शाळेत असताना बाबांनी खोपटच्या एसटी डेपोजवळच्या दुकानातून टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणलेला. त्यासोबत आली ती नेमकी जपानी कॅसेट. राजा, राक्षस, गुहा, जादू... चार जणांनी गावोगाव हिंडायचं आणि लढायचं. एक अक्षर वाचता येईना, आणि दुकानदार बदलून देईना. मग दादानं अक्षरांचे नुसते आकार बघून त्या चौघांना नावं दिली. रांगोळीसारखं अक्षर ती आई, काठी टेकलेलं ते बाबा, शेंडीवालं ती मी. सगळ्यांत पुढे तो स्वतः. "पुढच्याला जास्त मार बसतो, तू गप मागे राहा," म्हणायचा. कुणी मेलं की त्याचा रंग जायचा आणि ते पांढरं होऊन सगळ्यांच्या मागून चालायला लागायचं. त्याला एका मोठ्या घरात न्यायचं. तिथला काळ्या झग्यातला माणूस काहीतरी विचारायचा, दोन ओळींतली वरची निवडली की मेलेला उठायचा. ते देऊळ होतं हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळलं. तोवर आमच्या लेखी तो दवाखाना. आईसुद्धा स्वयंपाकघरातून ओरडायची, "मला आधी दवाखान्यात ने रे, मगच जेवायला ये!"

आई-बाबा गेले तरी दादाचा खेळ सुटला नाही. "चाळिशी उलटली, काय हा पोरखेळ?" मी एकदा चिडून विचारलेलं. "अगं, इथे सगळे आहेत ना," तो म्हणाला, स्क्रीनवरची नजर न हलवता. त्याच्या मागून आई-बाबा निमूट चालत होते. मी चहा अर्धा टाकून निघाले.

परवा दुपारी वहिनीकडे गेलेले. तिनंच तो गेम लावला. सगळ्यांत पुढे मी होते. मागे आई, बाबा. आणि त्यांच्या मागे, पांढरा, दादा.

"हॉस्पिटलला निघायच्या सकाळी हेच खेळत बसलेला," वहिनी म्हणाली. "रिक्षा खाली थांबलीय म्हणून मी ओरडतेय, आणि हा म्हणतो, दोन मिनिटं, सेव्ह करतो."

शाळेची घंटा चुकली तरी चालेल, पण कुणाला मेलेलं ठेवून हा माणूस कधी टीव्हीसमोरून उठला नव्हता! म्हणजे ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं त्याला. मेल्या, मटण कशाला करायला सांगितलंस मग?

मी रिमोट हातात घेतला आणि खेळात एक पाऊल टाकलं. तो मागून एक पाऊल आला. मी थांबले, तो थांबला. भर दुपारी मला पाठीमागे वळून सोफ्याकडे बघावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

"दवाखान्यात ने त्याला," वहिनी म्हणाली.

"अगं वहिनी, काहीतरीच काय..."

"ने म्हणते ना!"

नेला. झग्यातल्या माणसानं विचारलं, मी वरची ओळ निवडली. दादामध्ये रंग भरला आणि तो उठून उभा राहिला. वहिनी टीव्हीला नाक लागेल इतकी पुढे सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "आता बोल. मला का नाही सांगितलंस?"

त्या खेळात उभ्या माणसाचेही पाय थांबत नाहीत. दादा आमच्याकडे तोंड करून जागच्या जागी चालत राहिला.