प्रेमिलाची फाईल

शहरातल्या सदर भागात एका छातीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात रुपराव कारकून होता. उमरेडच्या विणकर घरातला माणूस. बापानं जन्मभर माग चालवला, आणि हा टेबलाशी बसून पेशंटच्या फायली लावायचा. कपाटाच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला असायच्या. खरं सांगायचं तर त्या किल्ल्यांचा त्याला जरा तोरा होता.

१९७८च्या उन्हाळ्यात त्याचा साळा महादेवराव उमरेडहून आला. चहा पिता पिता म्हणाला, "भाऊजी, पोरासाठी इथल्याच नंदनवन वस्तीतली सोयरीक आली. नत्थूजीची प्रेमिला. तुमच्या दवाखान्यात येत होती म्हणते लोक. काहून येत होती?"

फाईल काढायचीही गरज नव्हती, रुपरावाला सगळं पाठ होतं. घरचाच माणूस म्हणून तो बोलून गेला, "टीबी होता. दीड वर्ष औषध चाललं. आता साफ बरी हाये."

शेवटचं वाक्य महादेवरावानं ऐकलंच नाही. सोयरीक मोडली, आणि पंधरा दिवसांत त्याचं कारण अर्ध्या नंदनवनात पोचलं.

मग डॉक्टरांच्या नावानं नत्थूजीच्या वकिलाची नोटीस आली. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, "माझ्या कपाटातली गोष्ट बाहेर गेलीच कशी?"

सगळ्यांच्या नजरा नावं लिहून घेणाऱ्या कुसुमावतीकडे वळल्या. ती नंदनवनातच राहायची. बिचारी रडायला लागली. "साहेब, मी एक शब्द नाई बोलली."

रुपराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. एक दिवस गेला, दुसरा गेला, त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिसऱ्या दिवशी कुसुमावती कामावर आली नाही, तेव्हा कुठे तो डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, मीच सांगितलं."

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपल्या वकिलाला बोलावलं. वकील म्हणाले, "तुमच्यावर गुप्ततेचं बंधन आहे, डॉक्टर. पण कारकुनांकडून काही लिहून घेतलंय का? नाही ना? मग आता घ्या."

कागद तयार झाला. पेशंटनं लिहून दिल्याशिवाय त्याची कोणतीही माहिती कुणाला सांगायची नाही, सख्ख्या नातेवाइकालासुद्धा नाही. पहिली सही रुपरावानं केली. किल्ल्या डॉक्टरांनी स्वतःकडे घेतल्या. कुसुमावतीच्या घरी जाऊन रुपरावानंच तिला परत आणलं. येताना रिक्षात ती बाहेर तोंड करून बसली.

त्याच आठवड्यात तो नत्थूजीकडे गेला. नत्थूजी दारातच आडवा उभा राहिला. त्याच्यामागून प्रेमिला पुढे आली.

"पोरी, माह्यं चुकलं," रुपराव म्हणाला.

"तुम्ही खोटं नाई सांगितलं, काका. पण ते माह्यं होतं. मी स्वतः सांगणार होती त्याईले. तुम्ही मले सांगूच नाई देलं."

 दाराशी काढलेल्या चपला तिथंच विसरून रुपराव तापल्या रस्त्यानं तसाच निघाला.

नत्थूजीनं नोटीस पुढे नेली नाही. लेकीचं नाव कोर्टात पुकारलं जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

पुढे नवा माणूस कामावर लागला, की त्या कागदावर सही घ्यायचं काम डॉक्टर रुपरावालाच सांगायचे. तो आपली चूक लपवायचा नाही. एका पोरीची गोष्ट आपल्या तोंडून कशी बाहेर गेली, ते दर वेळी सांगायचा. एकदा एका नव्या कारकुनानं विचारलं, "कोन्ती पोरगी होती हो, भाऊ?"

"सही कर," रुपराव म्हणाला.