साकार्तवेलो आणि आमचा ठेचा

सांगलीचे माझे व्याही लग्नकार्यांत सांगत फिरतात की, आमच्या नातीची जॉर्जियातली खोली मी गोड बोलून वाचवली. हा निखालस अपसमज आहे. गोड बोलणे माझ्या स्वभावात नाही. साताऱ्यातला माझा कोणताही शेजारी याची ग्वाही देईल.

घडले ते असे. डॉक्टरकी शिकायला गेलेल्या नातीने ऐन थंडीत, खिडक्या बंद असताना, तव्यावर हिरव्या मिरच्या भाजल्या आणि तांब्याच्या बुडाने रगडल्या. आपल्याकडे असा ठसका उठला की शेजारी खोकत खोकत भाकरी मागतो. तिथली घरमालकीण खोकत आली आणि खोली सोडण्यास सांगून गेली. परीक्षा तोंडावर, बाहेर बर्फ. पोरीने रडत मला व्हिडिओ कॉल लावला. मी म्हटले, बाईंना बोलाव.

बाई माझ्याच वयाच्या, चेहरा कडक. त्या देशाचे लोक स्वतःच्या भाषेत त्याला साकार्तवेलो म्हणतात, हे नातीने मला पूर्वीच सांगितले होते. फौजेत नाना मुलखांच्या माणसांबरोबर राहिल्याने माझा नियम पक्का आहे: ज्याचा मुलूख, त्याच्या घरातले नाव घ्यावे. तसे ते मी घेतले. व्याही याला खुशामत म्हणतात. वस्तुतः बाईंनी माझा उच्चार चुकीचा ठरवला. मी पुन्हा म्हटले, त्यांनी पुन्हा सुधारला. मग त्यांनी नातीकरवी विचारले, तुम्ही तुमच्या देशाला काय म्हणता? मी म्हटले, भारत. तो उच्चार त्यांना नीट जमेना. मीही सोडले नाही.

दोघेही दमल्यावर मी मुद्द्यावर आलो. "मिरची बंद घरात भाजू नये, हे पोरीला आम्हीच शिकवायला हवे होते. यापुढे ती गॅलरीत भाजेल. पण तिला घराबाहेर काढू नका."

बाई नातीकरवी म्हणाल्या, "मिरच्या आम्हीही वाटतो. पण भाजत नाही."

"मग त्याला चव कसली?" मी विचारले.

नात म्हणाली, "आजोबा, हे मी त्यांना सांगणार न्हाई."

तिने सांगितले नाही, ते बरेच केले. बाईंनी गॅलरीचे दार उघडून दाखवले, आणि नात अजून त्याच खोलीत राहते.