रैनूसाठी न दिलेली साक्ष

हे मी कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा मनातसुद्धा नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी आठवत बसतो. आज तुम्हाला सांगतो. बसा जरा.

लोक मला आदिवासींचा वकील म्हणतात. आमदार झालो, पुढे मानवी हक्कांसाठी दिल्लीपर्यंत भाषणं केली, हारतुरे झाले. त्यातलं काही खोटं नाही. कित्येक माणसं मी जेलातून सोडवून आणली. पण रैनू?

रैनू धानोऱ्याकडचा गोंड माणूस. ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूरला वकिली करायचो आणि निवडणुकीच्या नादानं गावोगाव सभा घेत फिरायचो. मला गोंडी येत नव्हती. मी मराठीत चार वाक्यं बोलून थांबायचो, मग शेजारी उभा असलेला रैनू तेच गोंडीत सांगायचा. लोक माझ्यापेक्षा त्याचंच मन लावून ऐकत. मला त्याचा थोडा रागही यायचा — आता सांगतोच आहे तर हेही सांगून टाकतो.

एका दुपारी चामोर्शीच्या आठवडी बाजारात आमची सभा झाली. बैलगाडीवर उभे राहून दोघं बोललो. त्याच दुपारी तिकडे दूर धानोऱ्याच्या जंगलात बंदूकवाल्या नक्षल्यांनी बांबूचा डेपो जाळला. काही दिवसांनी पोलिसांनी रैनूला त्यात धरलं. त्याचं वकीलपत्र मीच घेतलं.

तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? माझ्यापाशीच अडलं. साक्ष द्यायची तर वकीलपत्र सोडून पिंजऱ्यात उभं राहावं लागतं, शपथेवर सांगावं लागतं की हा माणूस त्या वेळी माझ्या बाजूला होता. आणि तेव्हाच माझं तिकीट ठरत होतं. पक्षातले एक जण घरी येऊन बजावून गेले, "त्या डेपोच्या भानगडीत तुमचं नाव नाई आलं पाहिजे, वकीलसाहेब." मी मान डोलावली. बाजारातले बाकीचे लोक पोलिसांना भिऊन कोर्टाकडे फिरकले नाहीत. रैनूचा सख्खा भाऊ साक्षीला आला, पण घरच्याचं कोण ऐकतं?

उलटतपासणी मी जोरात घेतली. सगळे म्हणाले, काय बोलले वकीलसाहेब! मग जजसाहेबांनी रैनूला विचारलं, त्या दिवशी कुठे होतास? "बजारात होतो, चामोर्शीले." सोबत कोण होतं? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कागद चाळायला लागलो. तो गप्पच राहिला.

त्याला शिक्षा झाली. मला तिकीट मिळालं. भित्रा होतो मी, दुसरा शब्द नाही.

सुटल्यावर तो माझ्या घरी आला. वाळून गेला होता, खोकत होता. तो आत असतानाच त्याची बायको गेली. चहा पिता पिता त्यानंच विषय काढला.

"कोर्टात मी तुमच्याकडं पाहून राह्यलो होतो, भाऊ. चामोर्शीच्या सभेत मी तुमच्या संगं होतो ना? पन तुमीच नाई बोलले, त मी कसा बोलू? सभेतबी तुमचं झाल्यावरच बोलत होतो मी."

मी बशीतला चहा फुंकत बसलो. ते पाहून तोच म्हणाला, "तुमाले किती गावं, किती सभा. इसरले असान."

"हो रे रैनू," मी म्हणालो, "ध्यानातच नाई राह्यलं."

त्याचा चेहरा मोकळा झाला. "मले वाटलंच," तो म्हणाला, आणि उरलेला चहा प्यायला.

मी विसरलो नव्हतो. कोर्टात कागद चाळत होतो तेव्हाही नाही, त्याला हे सांगितलं तेव्हाही नाही.

रैनू आता नाही. भाऊ विसरले होते, असं समजूनच तो गेला.