फाटलेला हातमोजा

कादंबरी कर्णिक मानपाड्याच्या एका प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासायची. नमुने विदर्भातल्या एका नदीकाठचे. तिथे गाळाचा जाड थर आहे, खाली कसला खडक आहे ते वरून दिसत नाही. पण खोलवर धातू असेल तर त्याचा अतिसूक्ष्म अंश पाण्याबरोबर वर सरकतो आणि मातीच्या कणांना चिकटून राहतो. तो सौम्य द्रावणाने सोडवून मोजायचा. अंश इतका बारीक, की अंगावर सोनं घालून चाळणीला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम.

सहावा महिना लागला आणि तिची बोटं सुजली. तेल लावलं, साबण लावला, बोटातली सोन्याची अंगठी निघेना. रजा जवळ आलेली, आता कुणाला कशाला सांगा, म्हणून तिने वरून हातमोजा चढवला.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचे प्रमुख गुरुदत्त सर हसत टेबलाशी आले. "कादंबरी, तुझ्या सलग सात नमुन्यांत सोनं दिसतंय. मंगळवारी तिथे ड्रिलिंगचं मशीन जातंय."

तिला लगेच आठवलं. नेमके तेच सात चाळताना मोजा अंगठीपाशी फाटला होता. तिने तो बदलला आणि विसरून गेली.

चाळताना बाहेरचं काही मिसळलं का हे कळावं म्हणून सोबत तपासलेली शुद्ध वाळू निर्दोष आली होती, त्यामुळे कुणाला शंका नव्हती. ती वाळू मोजा फाटण्याआधी चाळलेली, हे फक्त तिलाच ठाऊक. नोकरी गेली तर बाळंतपणाच्या तोंडावर दुसरीकडे कोण घेणार? नवऱ्याला, साकेतला, तिने सगळं सांगितलं.

"अगं, खाली काही लागलं नाही तर नशीब म्हणतील. तुझं नाव कोण घेणार?"

"कुणीच नाही," ती म्हणाली. "म्हणून तर भीती वाटते."

सोमवारी ती सरांसमोर उभी राहिली. "सर, चाळताना माझ्या बोटात अंगठी होती. मोजा फाटला."

सरांनी तिच्या हाताकडे पाहिलं. "आणखी कुणाला माहीत आहे?"

आता हे दाबणार, असं वाटून ती अधिकच घाबरली. पण सरांनी फोन उचलून मशीन थांबवायला सांगितलं. मग त्याच सात नमुन्यांची राखून ठेवलेली, न चाळलेली माती शेजारच्या खोलीतल्या सहकारी प्राप्तीकडे नव्याने तपासायला दिली. कादंबरीला त्या खोलीत यायला बंदी.

बुधवारी आकडे आले. पाच नमुन्यांतलं सोनं नाहीसं झालं होतं. दोनांत राहिलं, आधीपेक्षा कमी, पण खरं. मशीन सातांऐवजी त्या दोनच जागी जायचं ठरलं.

कादंबरीला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. सोनाराने अंगठी कापून काढली. रजेवर जाईपर्यंत ती कागदपत्रांचंच काम करत होती, आणि सरांनी नुसती हाक मारली तरी दचकायची.