बाबांच्या हातातली पळी

पळीत गरम होणाऱ्या आंबेहळदीचा वास आला की मला इंग्लंडमधल्या स्लाऊचं आमचं घर आठवतं. मी तेव्हा युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक होतो, म्हणजे बॉल फेकणारा. घोट्याच्या ऑपरेशनला दहा आठवडे झाले होते, रविवारी फायनल होती आणि मला खेळू द्यायचं की नाही हे ठरवायला शनिवारी सकाळी फिजिओ मला त्याच पायावर उड्या मारायला लावणार होती. घोट्यात दोन स्क्रू होते. ते सटकतील या धास्तीने मी जिना उतरतानाही कठडा घट्ट धरायचो. बाबा स्वतः हाडांचे सर्जन. एक्स-रे खिडकीशी धरून ते रोज म्हणायचे, "हाड जुळलंय, उगाच घाबरू नकोस." आईने लेपाचं नाव काढलं की मात्र चिडायचे, "अगं, स्क्रूला हळद लावून काय होणार आहे?" शुक्रवारी दुपारी सोफ्यावर माझा डोळा लागला आणि घोट्याला काहीतरी ऊन ऊन लागल्याने उघडला. आई कामावर गेली होती. हॉस्पिटलमधून लवकर आलेले बाबा माझ्या पायाशी जमिनीवर बसले होते, हातात पळी, बोटं पिवळी. "आईला सांगू नकोस," ते म्हणाले. रोज ऑपरेशनं करणारा त्यांचा हात थरथरत होता. ऑपरेशनच्या दिवशीही मी इतका घाबरलो नव्हतो. फायनल मी खेळलो, पाय टिकला. आज लेकीच्या मुरगळलेल्या पायाला लेप लावायला बसलो, तर ती विचारते, "बाबा, पाय ओके होणार ना?" "उगाच घाबरू नकोस," मी म्हणतो आणि पळी दोन्ही हातांनी धरतो.