रबर पाघळलं, सर पाघळले नाहीत

गौरवग्रंथ समितीच्या मंडळींस आणि हा ग्रंथ हाती घेणाऱ्या सर्व स्नेह्यांस पेणहून दामोदरचा सप्रेम नमस्कार.

लेख पाठवा म्हणालात. मला लेखाचा साचा ठाऊक नाही, पत्राचा आहे. तेव्हा आधी ख्यालीखुशाली. मोहनराव, तुमचा गुडघा काय म्हणतो? कार्यवाह झालात म्हणून सारखे जिने चढू नका. नलिनीताई, डोळ्याचं ऑपरेशन झाल्या झाल्या मुद्रितं तपासायला बसलात असं कळलं, हे काही बरं नव्हे. रोह्याला शैलजावहिनींची साखर आटोक्यात आहे ना? गद्रे सर, आपली प्रकृती विचारायची सोयच नाही. पंचाहत्तरीतही आपण एस.टी.त उभ्याने येता आणि कुणी जागा दिली तर रागावता. राहिला हरीचा खोकला. धरमतरच्या खाडीकाठचा हा हरी तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीचा नाही. पुढे ओळख करून देतो, कारण हे सगळं त्याच्यासाठीच लिहितोय.

तुम्ही पाठवलेला मुखपृष्ठाचा नमुना मिळाला. सरांचा फोटो झकास आलाय. पण फोटोखाली काय छापलंत? 'शंभर टक्के नैसर्गिक रंगाचे जनक'! वाचलं आणि अर्धा चहा बशीत, अर्धा धोतरावर. अहो, ज्या शब्दांपायी या माणसाने स्वतःचं नाव पुसू दिलं, तेच शब्द त्याच्या हनुवटीखाली चिकटवता? रागावलोय मी. वय झालंय, राग साठवून ठेवता येत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. माझा पेणला गणपतीचा कारखाना. आमच्या मूर्ती रबरी साच्यातून निघतात. गद्रे सर रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. एकदा ते मुलांची सहल घेऊन कारखान्यात आले. मुलं मूर्ती बघत होती आणि सर कोपऱ्यात टाकलेला एक साचा उचलून हुंगत होते.

"याला काय झालं?"

"पाघळला," मी म्हटलं. "उन्हापावसाने जुने साचे असे चिकट होतात. टाकायचाय."

"टाकू नका. मला द्या."

"सर, त्यातनं आता उंदीर पण निघायचा नाही, गणपती तर लांबच."

सर मोठ्यांदा हसले. "दामोदरपंत, तुमचं काम जिथे संपतं तिथे माझं सुरू होतं." तो चिकट गोळा पेपरात गुंडाळून त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकला. मुलींनी नाकाला रुमाल लावले.

मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस, पण सरांनी मला कधी 'तुम्हाला नाही कळायचं' म्हटलं नाही. रबर म्हणजे लांबच लांब साखळी, पाघळलं म्हणजे ती तुटली, एवढं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. होड्यांना लावायचा रंग बनवायला सर ती मुद्दाम तोडत. झाडाचं रबर घ्यायचं, त्याचे आखूड तुकडे करायचे, म्हणजे ते मधासारखं वाहतं. मग प्रत्येक तुकड्याच्या टोकांना रसायनाने जणू हुक बसवायचे, पोलक्याला असतात तसे. दुसऱ्या डब्यात हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारं औषध. तो ते हुक पकडत जातो आणि सगळं पुन्हा एकमेकांत गुंततं. वाळलं की पोलादासारखं कडक नाही आणि पाघळलेल्या साच्यासारखं लिबलिबीतही नाही, चांगल्या चामड्यासारखं. ह्याला पॉलियुरेथेन म्हणतात. मला तो शब्द उच्चारता यायला एक गणपतीचा हंगाम लागला.

सुरुवातीची फजिती सरांच्या घरी शैलजावहिनींना विचारा. पहिला थर सरांनी घरच्या पाटावर दिला होता. पाहुणे जेवायला बसले ते पाटासकट उठले. वहिनी म्हणाल्या, "निदान तुमच्या रबराला माणसं सोडवत नाहीत!" पण सरांनी पिच्छा सोडला नाही. तास संपले की प्रयोगशाळा, सुट्टी लागली की प्रयोगशाळा.

रंग जमल्यावर तो कुणाच्या होडीला लावायचा, हा प्रश्न होता. मी सरांना जनाबाईकडे नेलं. जनाबाई म्हणजे हरीची आई. माझ्या कारखान्यात हंगामाला रंगकामाला यायची. सर होडीभोवती फिरून लाकूड चाचपत होते. ती म्हणाली, "मास्तर, लाकूड फुगतं, सुकतं. त्याबरोबर हललं नाय तर तुमचा रंग काय कामाचा? डांबर बरा मग."

"हलेल," सर म्हणाले.

"व्हय? नाय हलला तर तुम्हालाच वल्हं मारायला बसवीन."

रंग हलला. पावसाळा, उन्हाळा, खारं पाणी, सगळं काढलं, पण पापुद्रा सुटला नाही. जनाबाईने सरांना निवट्यांचं कालवण पाठवलं. सर शाकाहारी. वहिनींनी डबा घासून त्यात पुरणपोळ्या भरून परत धाडला. अशी ही माणसं.

मग रोह्याच्या एका कंपनीने तो रंग बनवायला घेतला. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळलंय. सरांना सल्लागार नेमलं. डब्यावर काय छापायचं ते ठरवायला बैठक झाली, तेव्हा सरांना न्यायला मी गेलो होतो. दाराशी खुर्ची दिली होती, सगळं ऐकलं. सरांच्या नावाखाली ठळक अक्षरांत होतं: 'शंभर टक्के नैसर्गिक. मास्कची गरज नाही.'

सर म्हणाले, "रबर झाडाचं आहे. हार्डनर झाडाला लागत नाही. ज्या हार्डनरला पकडायला हुक मिळत नाही, तो मोकळा असतो. तो माणसाच्या छातीत जाऊन पकडतो. एकदा का छातीने ओळख धरली, की पुढे नुसत्या वासाने दम लागतो."

कंपनीचे साहेब तरुण होते, गोड बोलत होते. "सर, एक शब्द तर आहे. लोकांना आवडतो."

"एक शब्दच आहे ना? मग काढा."

"थोडं समजून घ्या की. तुमचंही नाव होईल."

"नाव काढा आणि शब्द ठेवा, किंवा शब्द काढा आणि नाव ठेवा."

कंपनीने नाव काढलं. बाहेर आलो तेव्हा मी तणतणत होतो, सर म्हणाले, "दामोदरपंत, आज साचा पाघळला नाही, एवढं बघा." त्यानंतर गावात काय ऐकलं त्यांनी! हेकट म्हातारा. चालती गाडी अडवणारा. त्यांच्या हाताखाली शिकलेलेच असं बोलत. ह्या ग्रंथात 'ऋजू' आणि 'मनमिळाऊ' लिहिणाऱ्यांत त्यातले किती आहेत ते मी मोजत नाही.

आता हरी. हरीने डबा वाचला. त्याला वाचता येतं हा त्याचा गुन्हा. नैसर्गिक म्हटल्यावर कशाला मास्क? पावसात होडी किनाऱ्यावर ओढून, वर ताडपत्री टाकून, तो आत वाकून तो रंग फासत बसायचा. एक पावसाळा ठीक गेला. दुसऱ्याला खोकला धरला. आता रंगाचा डबा उघडला तरी घशातून शिट्टी वाजते. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, रंगकाम कायमचं बंद. जनाबाई मला म्हणाली, "काका, झाडाचा रंग हाय म्हनून लिवलंय. झाड काय असं करतं?" तुमच्याकडे उत्तर असेल तर तिला सांगा.

सरांना कळलं तसे ते आले. हरीजवळ बसले, त्याची पाठ चोळली, आणि चूक त्यांची नसताना जनाबाईची माफी मागितली. मग कागदाच्या पट्ट्या कापल्या. स्वतःच्या अक्षरात प्रत्येकीवर लिहिलं: 'दुसऱ्या डब्यातलं औषध छातीला घातक आहे. उघड्यावर काम करा. साधं फडकं चालत नाही, रसायनाचा मास्क लावा.' माझ्या सुनेने गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. किनाऱ्यावरच्या एकेका होडीवाल्याकडे जाऊन, त्याच्या डब्यावर सरांनी ती पट्टी चिकटवली. एक जण म्हणाला, "सर, तुमचाच रंग आणि तुम्हीच नावं ठेवता?" सर म्हणाले, "माझा आहे म्हणूनच." अजून ते दर पावसाळ्याआधी येतात. या जूनमध्येही आले होते, पिशवीत पट्ट्या आणि खळीची बरणी.

आणि तुम्ही! मोहनराव, फोनवर मला म्हणालात, "काका, गोड लिहा. कंपनीने ग्रंथाला पानभर जाहिरात दिलीय." घ्या की जाहिरात, मी कोण अडवणार? पण जाहिरातीतले शब्द उचलून सरांच्या फोटोखाली ठेवायचे? तुम्हाला वाटलं, चार चांगले शब्द आहेत. होय, शब्द चांगलेच आहेत, म्हणूनच हरी फसला. वहिनींनी ते मुखपृष्ठ सरांपासून लपवून ठेवलंय. पण कार्यक्रमात ते त्यांच्या हातात येईलच. शाल खांद्यावर असेल, टाळ्या वाजत असतील आणि सर ते वाचतील. मग ते काय करतील हे मला ठाऊक आहे: शाल घडी करून खुर्चीवर ठेवतील आणि खाली उतरतील. पंचाहत्तराव्या वर्षी त्यांना पुन्हा एकदा तसं बाहेर यायला लावू नका.

माझं मागणं लहान आहे. ते शब्द काढा. फोटोखाली सरांच्या पट्टीवरचा मजकूर छापा, त्यांच्याच अक्षरात. एक पट्टी सोबत जोडली आहे. जागा कमी पडली तर माझा हा लेख गाळा, पट्टी गाळू नका.

गद्रे सर, आपल्याला शतायुष्य लाभो, आणि ते निरोगी लाभो. आपली छाती शाबूत राहो, पाय चालते राहोत. वहिनींची सोबत अखंड राहो. इतरांची छाती शाबूत राहावी म्हणून आपण अजून बरीच वर्षं आमच्या घरची खळ न्यायला यावं. सून म्हणते, खळ कितीही शिजवीन, पण सरांनी चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.

मोहनराव, नलिनीताई, उत्तर लगेच धाडा. होड्या किनाऱ्यावर ओढून झाल्यात, ताडपत्र्या बांधल्यात, डबे उघडायला लागलेत.

आपला,
दामोदर